स्टिक पुढे ढकलायला शिकले, त्याची गोष्ट

अरबी समुद्रावरून रात्री येत होतो, दुबईहून मुंबईला, ३५ हजार फुटांवर, ऑटोपायलट लागलेला, खाली मिट्ट काळोख आणि वर चांदणं. समोरून, बरोबर हजार फूट वरून, एक चार इंजिनांचं मोठं विमान गेलं, त्याचे दिवे मी कॅप्टनना दाखवले पण होते. मग मिनिटभर काहीच नाही. आणि मग एकदम उजवा पंख खाली गेला. गचका बसला असं नाही, डाव्या पंखाखाली हात घालून कुणीतरी विमान उलटं करायला घ्यावं तसं झालं. स्क्रीनवर बँक, म्हणजे पंखांचा तिरकेपणा, ३८ अंश वाचल्याचं मला स्पष्ट आठवतंय. तो लेग, म्हणजे ती फेरी, उडवायची पाळी माझी होती म्हणून माझा हात साइडस्टिककडे गेला, कॅप्टन एवढंच म्हणाले, "वेट", आणि तीन-चार सेकंदांत ऑटोपायलटने विमान सरळ केलं. मागे एका बाईंच्या अंगावर चहा सांडला, बाकी कुणाला खरचटलंही नाही. उतरलो, रिपोर्ट लिहिला, घरी आले.

पण झोप काही लागेना. कारण हात स्टिकपाशी पोचला तेव्हा त्याला काय करायचं होतं ते मला माहीत होतं. त्याला मागे ओढायचं होतं. विमान उंची सोडत नव्हतं, स्पीड ठीक होता, त्या मोठ्या विमानामागे राहिलेल्या हवेच्या भोवऱ्यांत, ज्याला वेक म्हणतात, सापडून ते फक्त कुशीवर गेलं होतं, आणि माझ्या हाताकडे त्यावर एकच उत्तर होतं, ओढ. एअरबसची सगळी संरक्षणं चालू असताना तसं फार बिघडलं नसतं, ती तुम्हाला एका हद्दीपलीकडे जाऊच देत नाही. पण ती संरक्षणं गेली असती तर? किंवा विमान छोटं असतं तर? याच समुद्रावर ७ जानेवारी २०१७ ला एक चॅलेंजर ६०४, म्हणजे छोटं बिझनेस जेट, मालेहून अबू धाबीला चाललं होतं, त्याच्या हजार फूट वरून ए-३८० गेलं आणि मिनिटाच्या आत ते अनेकदा उलटंपालटं झालं, हजारो फूट खाली आलं, मस्कतला कसंबसं उतरलं, आत बसलेले लोक जबर जखमी झाले. हे मी ट्रेनिंगमध्ये वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि हाताला माहीत असणं यात किती अंतर आहे ते त्या रात्री कळलं.

ओढण्याबद्दल आधी सांगते, कारण सगळं तिथेच आहे. पंख स्टॉल होतो म्हणजे इंजिन बंद पडत नाही (हे नातेवाइकांना मी दरवेळी समजावते), पंख हवेला ज्या कोनात भिडतो तो कोन एका हद्दीपलीकडे गेला की हवा पंखाला चिकटून राहत नाही, सुटते, आणि पंख वजन उचलायचं सोडतो. उपाय एकच, स्टिक पुढे, कोन कमी. पण खाली जाणाऱ्या माणसाला अजून खाली वाकायला सांगण्यासारखं आहे ते. १२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ क्यू-४०० हे प्रवासी विमान पडलं, कंट्रोल कॉलम थरथरून स्टॉलची सूचना देत होता आणि कॅप्टनने तो मागे ओढला, ५० जीव गेले. त्याच वर्षी १ जूनला एअर फ्रान्स ४४७, रिओहून पॅरिसला जाणारं ए-३३०, ३८ हजार फुटांवरून साडेतीन मिनिटांत समुद्रात, २२८ माणसं, आणि त्यातला बराचसा वेळ एक स्टिक मागे धरलेली होती. या लोकांना नावं ठेवणारे भरपूर भेटतात. मला त्या रात्रीनंतर ते जमेना, कारण माझा हातही त्याच दिशेने निघाला होता.

तो तसा का निघतो? कारण आमचं रोजचं काम अगदी लहान जागेत चालतं. वळायचं तर २५ अंश, फार तर ३०. टेकऑफला नाक पंधराएक अंश वर, उतरताना दोन-अडीच अंश वर, बस्स. आमच्या ए-३२० मध्ये ३३ अंशांपलीकडे बँक देऊन स्टिक सोडली तर ती आपणहून ३३ वर परत येते, दाबूनच धरली तर ६७ पर्यंत जाते, त्याच्यापुढे नाही. फ्लॅप, म्हणजे टेकऑफ-लँडिंगला पंखातून बाहेर काढायच्या पट्ट्या, आत असताना विमान बांधलंय ते अधिक अडीच ते उणे एक जी (एक जी म्हणजे आपलं रोजचं वजन) एवढ्यासाठी, फ्लॅप बाहेर असले की अधिक दोन ते शून्य. आणि माझ्या २४०० तासांत मी दीड जी पण क्वचित पाहिला असेल, कारण प्रवाशांच्या हातातला चहा हलू नये हेच आमचं काम आहे. आता या एवढ्याशा जागेत मागे ओढलं की वर जातं, नेहमी, दरवेळी, न चुकता. हजारो वेळा तसंच झाल्यावर हाताच्या ते अंगवळणी पडतं. बारामतीला सेसनावर शिकत होते तेव्हा स्टॉल करायचो, पण पहिली थरथर किंवा हॉर्न आला की लगेच सावरायचं. स्पिन, म्हणजे स्टॉल झालेलं विमान गरगरत खाली येणं, माझ्या वाट्याला आला तो फळ्यावरच, खडूने काढलेला. कंपनीत सिम्युलेटरवर अपसेटचे, म्हणजे विमान भलत्याच स्थितीत गेलं तर सावरायचे, धडे होतात आणि चांगले होतात, पण सिम सहा पायांवर उभा असतो, तो खुर्ची तिरकी करून शरीराला थोडा वेळ फसवू शकतो, सलग दोन जी काही देऊ शकत नाही. पोट त्याला ओळखतं.

मावसभाऊ अमेरिकेत फिनिक्सच्या जवळ चांडलरला राहतो. फेब्रुवारीत सुट्टी होती, कंपनीला रीतसर कळवलं, साठवलेले पैसे काढले आणि खऱ्या विमानात अपसेट सावरायचा तीन दिवसांचा कोर्स बुक केला. तिथे एक छोटी फ्लाइंग शाळा आहे, दोन विमानं आणि एक पत्र्याचं हँगर. माझे इन्स्ट्रक्टर सत्तरीला आलेले, आधी आयुष्यभर शेतावर फवारणी करणारी विमानं उडवलेली. मी त्यांना सर म्हणायचे, त्यांना त्याची सवय नव्हती, पण मला नुसत्या नावाने हाक मारणं जमलं नाही.

विमान सुपर डेकॅथलॉन. मागेपुढे दोन खुर्च्या, मी पुढे आणि सर मागे, वर पंख, डोक्यावर काचेचं छप्पर, शेपटीखाली छोटं चाक, १८० घोड्यांचं इंजिन, आणि पंख-धड सगळं कापडाने मढवलेलं. आदल्या रात्री बाबांना फोनवर हे सांगितलं तर ते एकदम गप्प झाले. बाबा ओझरला एचएएलमध्ये फिटर होते, मिगच्या पंखांवर हयात गेली त्यांची, लहानपणी त्यांच्या हातांना तेलाचा आणि ॲल्युमिनियमचा वास यायचा. "कापडाचं?" म्हणाले, "आणि किती जी?" मी सांगितलं, अधिक सहा, उणे पाच. मग म्हणाले, "म्हणजे आतला सांगाडा चांगला असणार. सकाळी उडायच्या आधी पंखावरून हात फिरव, नुसती बघू नकोस."

पहिल्या सकाळी दोन तास फळ्यासमोर. सरांनी आधी तिथला नियम वाचून दाखवला, एरोबॅटिक म्हणजे काय याचा. मला वाटलं होतं अंश-बिंश दिलेले असतील. तसं नाहीये. विमानाची स्थिती एकदम बदलणारी, किंवा नेहमीपेक्षा वेगळी स्थिती, किंवा वेगळा जी असणारी मुद्दाम केलेली हालचाल, जी नेहमीच्या उड्डाणाला आवश्यक नाही, ती एरोबॅटिक. आकडे येतात ते पॅराशूटच्या नियमात, बँक ६० च्या पुढे किंवा नाक ३० अंशांच्या वर-खाली जाणार असेल आणि सोबत कुणी असेल तर पॅराशूट घालायचं. "नेहमीचं म्हणजे कुणाचं नेहमीचं?" सरांनी विचारलं. ते फवारणी करायचे तेव्हा शेताच्या टोकाला विमान वर ओढून, आडवं करून, परत त्याच रांगेवर यायचं, दिवसातून शंभर वेळा, ते त्यांचं नेहमीचं काम होतं. माझं नेहमीचं २५ अंश. त्यामुळे तीन दिवस ते मला कसरती शिकवणार नाहीत, माझी हद्द कुठे आहे ती दाखवणार आणि तिच्या बाहेर गेल्यावर आत कसं यायचं ते शिकवणार, असं त्यांनी सांगितलं. मला हे फार पटलं. मला एअर शो करायचाच नव्हता.

मग पॅराशूटचा सराव. दाराची पिन ओढायची, दार सुटतं, पट्टे सोडायचे, बाहेर पडायचं, मग छातीवरची कडी. जमिनीवर उभ्या विमानातून तीन वेळा हे करून दाखवायला लावलं आणि प्रत्येक वेळी पट्टा सोडताना आधी हेडसेटची वायर आठव असं सांगितलं. मी पंखावरून हात पण फिरवला, पुढची कड, मागची कड, दोऱ्याची शिवण जिथे फासळीवर येते तिथले बारीक उंचवटे बोटांना लागतात. बाबांनी सांगितलं नसतं तर ते मला कळलंच नसतं.

हवेत गेल्यावर पहिला धक्का पायांना बसला. जेटमध्ये पाय झोपलेले असतात, टेकऑफ आणि लँडिंग सोडलं तर रडरला, म्हणजे शेपटीचा उभा पट्टा हलवणाऱ्या पेडलना, हात, म्हणजे पाय, लावायचं कारण पडत नाही. इथे स्टिक डावीकडे केली की नाक आधी उजवीकडे पळतं, पाय दिला नाही तर विमान बाजूने घसरत जातं. पहिला अर्धा तास मी नुसतं नाक एका डोंगरावर धरून पंख डावे-उजवे हलवत होते, समोर सुपरस्टिशन माउंटन्सची रांग, त्यातल्या एका सुळक्यावर नाक स्थिर ठेवायचं. साधं दिसतं. घाम आला.

मग ६० अंशांचं वळण. उंची न सोडता ६० ची बँक म्हणजे बरोबर दोन जी, हे गणित कुठल्याही पायलटला पाठ असतं. गाल खाली ओढले जातात, पट्टे खांद्याला बोचतात, मांडीवरचा हात उचलायला जरा जास्त जोर लागतो. ५८ किलोची मी ११६ ची. आणि तेव्हा मला आमच्या एअरबसचे ६७ अंश एकदम उमगले, कारण साधारण तेवढ्या बँकला उंची धरून ठेवायची तर अडीच जी लागतो, आणि अडीच ही तिची हद्द. परीक्षेसाठी ६७ पाठ केला होता, हा आकडा कुठून येतो ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

त्या ६० अंशांतच सरांनी अजून ओढायला सांगितलं. सरळ उडताना जे विमान ताशी पन्नास-पंचावन्न मैलांना स्टॉल होतं ते पंचाहत्तरच्या वर थरथरायला लागलं. नाक क्षितिजावर, इंजिन जोरात, स्पीड भरपूर, आणि तरी पंख सोडतोय. नंतर उलट करून दाखवलं. नाक ४५ अंश वर, स्पीड घसरतोय, घसरतोय, काटा स्टॉलच्या कितीतरी खाली, आणि त्यांनी म्हटलं, "हळूच पुढे." मी स्टिक पुढे केली, शरीर खुर्चीतून सुटलं, गुडघ्याला बांधलेली पेन्सिल दोरीवर तरंगायला लागली, आणि विमान अगदी शांत. ना थरथर, ना हॉर्न. पंखाकडून काही मागितलंच नाही तर तो स्टॉल होणार कसा? स्टॉलचा स्पीडशी संबंध नाही, कोनाशी आहे, हे वाक्य मी पंधरा वेळा लिहिलंय परीक्षांत. तिथे त्या पेन्सिलकडे बघताना माझ्या डोळ्यात पाणी आलं, का ते सांगता येणार नाही, पण आलं.

दुपारी मात्र उडता आलं नाही, पोटात कालवाकालव. नाशिकहून आईने आलेपाकाच्या वड्या दिल्या होत्या त्या कामी आल्या, सरांनाही एक दिली, त्यांनी अख्खं पाकीट मागितलं.

दुसरा दिवस सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा. सकाळी साडेसहालाच निघालो, हवा स्थिर असते म्हणून. उंची एवढी घेतली की काहीही केलं तरी जमिनीपासून तीन हजार फुटांच्या वरच संपलं पाहिजे. नियम दीड हजाराचा आहे, सरांचा स्वतःचा तीन हजाराचा.

आधी वळणातला स्टॉल. खाली एक कालवा होता, त्याला रनवे मानायचं. उतरताना शेवटचं डावं वळण घेतोय, वारा मागून, वळण कमी पडतंय, बँक वाढवायची भीती वाटते म्हणून नकळत डावा पाय जास्त दाबला, त्यामुळे बँक वाढायला लागली म्हणून स्टिक उजवीकडे धरली, नाक खाली चाललं म्हणून थोडं मागे ओढलं. यातली एकेक गोष्ट त्या त्या क्षणी किती सयुक्तिक वाटते बघा. आणि मग खटकन, आवाजच आला असं मला वाटलं, डावा पंख खालून निघून गेला आणि काचेच्या छपरातून मला वाळवंट दिसत होतं. पूर्ण उलटं. दोन सेकंद पण नसतील. आम्ही हजारो फुटांवर होतो. खऱ्या लँडिंगला तिथे पाचशे फूट असतात.

त्याच्यानंतर स्पिन. क्रम सरांनी जमिनीवर वीस वेळा म्हणून घेतला होता, पॉवर बंद, स्टिक मध्यात, उलटा पाय पूर्ण, मग स्टिक पुढे. स्पिन बाहेरून भोवऱ्यासारखा दिसतो. आतून काय वाटतं ते असं, की विमान जागेवर आहे आणि जमीन फिरतेय, कालवा गेला, डोंगर गेले, कालवा गेला, डोंगर गेले, तीनेक सेकंदांना एक फेरा आणि फेऱ्यामागे साधारण पाचशे फूट. पहिल्या स्पिनमध्ये माझा हात काय करत होता माहितीये? उजवीकडे स्टिक दाबून पंख उचलायचा प्रयत्न. स्टॉल झालेला पंख तसा उचलायला गेलं की तो आणखी बुडतो. सर मागून शांतपणे म्हणत होते, "मध्यात. मध्यात आण. मध्यात." तिसऱ्यांदा म्हटल्यावर हाताने ऐकलं. मग उजवा पाय ठोकला, स्टिक पुढे, आणि फिरणं असं थांबलं जसं कुणी फोटो काढला. चौथ्या स्पिनला मी फेरे मोजत होते. सहाव्याला मला क्रम आठवावा लागला नाही, पाय आधी गेला.

पण ज्यासाठी मी आले होते ते त्यानंतर. सर विमान घ्यायचे, मी डोळे मिटायचे, ते फिरवायचे-वळवायचे आणि म्हणायचे, "तुझं." डोळे उघडले तर पहिल्या वेळी बँक १३० अंश असेल, नाक खाली, जमीन वर, स्पीड वाढतोय. आणि हात गेलाच. मागे. उलट्या विमानात मागे ओढलं की नाक जमिनीकडे जातं, अर्धा लूप खालच्या दिशेने, स्पीड वाढतो, जी वाढतो, उंची वितळते. सरांनी मला ओढू दिलं, थोडं, मग घेतलं. आठशे फूट गेले होते. जेट असतं तर किती हजार जातील ते त्यांनी सांगितलं नाही, मीच मनात केलं.

"तुझा हात वाईट नाही," ते म्हणाले, "तो दुसऱ्या खोलीत शिकलाय." मग क्रम दिला. पुश, म्हणजे जी हलका कर, खुर्चीतून सुटल्यासारखं वाटेपर्यंत. मग रोल, जवळच्या क्षितिजाकडे. मग पॉवर, स्पीड बघून कमी-जास्त. आणि पंख सरळ झाल्यावरच ओढ, तेही हळू. आधी पुश का, तर जी उतरवला की पंखावरचा भार जातो, स्टॉल सुटतो, आणि विमान पटकन आणि कमी ताणात फिरतं. दुसऱ्यांदा मी तोंडाने "पुश" म्हटलं आणि हात तरी मागेच गेला. तिसऱ्यांदा हात थांबला, ना पुढे ना मागे, थरथरत. चौथ्यांदा गेला पुढे. अडीचशे फूट गेले फक्त. मी ओरडले बहुतेक, मराठीत, सर विचारत होते काय म्हणालीस म्हणून. त्या सकाळी आम्ही हे चौदा वेळा केलं आणि शेवटच्या पाचात मी बोललेच नाही.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात एक तारीख लिहिली, १२ नोव्हेंबर २००१. न्यूयॉर्कहून सांतो दोमिंगोला निघालेलं ए-३००, पुढे गेलेल्या ७४७ च्या वेकमध्ये शिरलं, को-पायलटने रडर एकदा इकडे एकदा तिकडे असं पूर्ण दाबलं, सलग काही वेळा, आणि शेपटीचा उभा पंखच तुटून पडला. २६५ माणसं गेली, त्यात पाच जमिनीवरची. अहवालात त्या विमानाच्या रडरची रचना आणि अपसेटचं जे ट्रेनिंग दिलं गेलं होतं त्याचा काही भाग, हेही कारणांत आलं. म्हणजे असंच ट्रेनिंग! मी हे वाचलेलं होतं तरी तिथे, सकाळभर पाय ठोकून झाल्यावर, ऐकताना काटा आला. "आज सकाळी पायांना जे शिकवलं ते या विमानात ठेवून जा," ते म्हणाले. "हाताचं घेऊन जा. पायाचं ने फक्त एवढंच, की ते कुठे आहेत हे तुला माहीत असावं." आणि ही वेकचीच घटना, म्हणजे माझ्या त्या रात्रीसारखीच. कॅप्टनचं "वेट" मला नव्याने ऐकू आलं. पुष्कळदा वेकमधून विमान दोन-चार सेकंदांत आपणहून बाहेर पडतं, घाई करणारा माणूस त्याचं जास्त नुकसान करतो. मी या कोर्सबद्दल कुणी विचारलं की आधी हेच सांगते. छोट्या विमानातलं सगळंच मोठ्यात नेऊ नका.

तिसऱ्या दिवशी लूप आणि रोल केले, ते थोडक्यात सांगते कारण त्यात आनंद जास्त आणि शिकणं कमी होतं. लूपला १४० मैलांनी नाक खाली करून मग ओढायचं, साडेतीन-चार जी, पोट आणि मांड्या आवळून धरायच्या नाहीतर डोळ्यांपुढे कडांनी करडं व्हायला लागतं, मग वर गेल्यावर सगळं हलकं, मान मागे टाकून दुसरीकडचं क्षितिज शोधायचं, ते डोक्यावरून उतरत येतं. बॅरल रोलच्या वेळी सरांनी अर्धी भरलेली पाण्याची बाटली पॅनेलवर पट्टीने अडकवली. विमान पूर्ण उलटं झालं तरी बाटलीतलं पाणी तळाशीच. १९५५ मध्ये टेक्स जॉन्स्टनने सिएटलला लेक वॉशिंग्टनवर बोइंगचं नवंकोरं जेट, ज्याच्यातून पुढे ७०७ आलं, असंच लोकांसमोर फिरवलं होतं, सारा वेळ विमानाला साधारण एकच जी. विमान उलटं आहे की सुलटं हे पंखाला कळत नाही, त्याला फक्त कोन आणि भार कळतो. अर्थात प्रवासी विमानात असं करायचा अधिकार कुणालाच नाही, आणि नसावाच.

उतरल्यावर जी-मीटरचा फोटो काढला. त्याला तीन काटे असतात, एक आत्ताचा, आणि दोन जे सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी जिथे गेले तिथेच थांबून राहतात. अधिक ४.२, उणे १. बाबांना पाठवला. नाशिकला रात्र झाली होती तरी लगेच फोन आला. फोटोबद्दल काही बोललेच नाहीत, आधी विचारलं, "हात फिरवलास का?" म्हटलं रोज फिरवला, उतरल्यावर पण. "कुठे काही सैल लागलं?" नाही. मग बराच वेळ ते मला सांगत होते की मिगचा पंख जोडून झाल्यावर ते शेवटी पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवायचे, इन्स्पेक्टर यायच्या आधी, आणि हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

परत येऊन पहिल्या फ्लाइटला मुंबईच्या अप्रोचला २५ अंशांचं वळण घेतलं, एक पूर्णांक एक दशांश जी, आणि मला ते कधी नव्हे इतकं नीट जाणवलं. चार महिन्यांनी सिम चेक होता. अपसेटच्या भागात इन्स्ट्रक्टरने विमान अल्टरनेट लॉमध्ये टाकलं, म्हणजे बरीचशी संरक्षणं काढून घेतली, मला खाली चेकलिस्टकडे बघायला लावलं आणि वेक दिला. वर बघितलं तर बँक सत्तरच्या पुढे, नाक खाली. एक क्षण थांबले. मग हात पुढे गेला, थोडासा, मग रोल, थ्रस्ट मागे, पंख सरळ, आणि मग हळू ओढलं. इन्स्ट्रक्टर पुढच्या एक्सरसाइजकडे वळले. मी मात्र खाली वाकून बघितलं, पाय पेडलवर होते आणि पेडल बरोबर मध्यात होते.